ट्रांझिस्टर झाला का?

माझी वहिनी आमच्या घरात आली तेव्हा ती विमानात चहापाणी द्यायचं काम करत होती. दादा आमच्या गावच्या विमानतळावर धावपट्टीच्या दिव्यांची देखभाल बघायचा. दिवा गेला की बदलायचा, काच मळली की पुसायची, उंदरानं वायर कुरतडली की नवी टाकायची. दोघांची गाठ पडली ती कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये. दादा मुळातच तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. त्यानं लग्नाचं कसं विचारलं असेल, याचं आम्हाला फार कुतूहल होतं. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "विचारलं कुठं? माझ्या ताटातली काकडी उचलून खाल्ली. मी काही बोलले नाही. झालं."

आमचं घर म्हणजे पुढे शिवणाचं दुकान आणि मागे तीन खोल्या. आई शाळांचे आणि इस्पितळांचे गणवेश शिवायची. मापं, कापणं आणि मशीन तिच्याकडे. काजं-बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी माझ्याकडे. वडील आम्ही लहान असतानाच गेले, तेव्हापासून त्या मशीनच्या आवाजावरच घर चाललं. मी लग्न केलं नाही. का, ते सांगायची ही जागा नाही. सांगायचं एवढंच, की वहिनी आली तेव्हा मला तिचं फार कौतुक होतं असं नाही. ती मला "वन्सं, तुम्ही" म्हणायची, मी तिला "अहो वहिनी" म्हणायची. दोघी एकमेकींशी गोड बोलायचो, पण पाहुण्यांशी बोलावं तसं.

ती एकतीस वर्षांची असताना तिच्या कंपनीनं ठरवलं, की केबिनमध्ये काम करणाऱ्यांपैकी तिघांना निवडून वैमानिक करायचं. परीक्षा घेतली, मुलाखती घेतल्या, तिघांत वहिनीचं नाव निघालं. जेवताना तिनं ते घाबरत घाबरत सांगितलं. दादा म्हणाला, "कर." त्या आठवड्यातला तो त्याचा तिसरा किंवा चौथा शब्द असावा.

आईनं घास खाली ठेवला. "पडशील का गं?"

"नाही पडणार, आई."

"मग कर."

माझ्या मनात आलं, सून आभाळात जाणार आणि लेक काजं करत बसणार. हे मी इथं लिहितेय कारण पुढं जे झालं ते या मनाशिवाय नीट कळणार नाही.

दीड वर्ष ती दूर शिकायला होती. परत आली ती बारीक होऊन आणि एक जाडजूड वही घेऊन. अडुसष्ट माणसांच्या, पंख्यांच्या विमानावर तिला को-पायलट म्हणून घेतलं होतं. पण उजवीकडच्या त्या खुर्चीत बसायच्या आधी विमानातली सगळी वाक्यं आणि हाताच्या सगळ्या हालचाली झोपेतून उठवलं तरी आल्या पाहिजेत, असा दंडक. वहिनीनं आमच्या बेतायच्या जाड कागदावर पेन्सिलीनं विमानाचा पुढचा फळा काढला. बटणांच्या जागी खरीच बटणं चिकटवली, माझ्या डब्यातली, मला न विचारता. फिरवायच्या खुंट्यांच्या जागी बरण्यांची झाकणं लावली. तो कागद कापायच्या टेबलासमोर भिंतीला टाचला आणि समोर स्टूल घेऊन ती बसली.

आता समोरचं वाक्य वाचायला कॅप्टन पाहिजे. दादा वाचायला बसला तर त्याचा आवाजच निघेना. मी म्हटलं, मला कामं आहेत. मग आई बसली. चष्मा नाकावर, वही मांडीवर, पायाखाली मशीनचा पायटा.

वहिनीनं सगळं देवनागरीत लिहून दिलं होतं, तरी आईची जीभ काही ठिकाणी अडखळायची. एक शब्द होता ट्रान्झिशन. आई ठामपणे म्हणाली, "ट्रांझिस्टर."

"ट्रान्झिशन, आई."

"तेच म्हणतेय मी. ट्रांझिस्टर. आमच्याकडे होता एक, लाल रंगाचा. पुढं?"

"पुढं मी हे झाकण फिरवणार आणि म्हणणार, स्टँडर्ड, सेट."

"कशाला फिरवणार?"

वहिनीनं समजावलं. विमान किती उंचावर आहे हे सांगणारं घड्याळ असतं, ते हवेच्या दाबावर चालतं. पण हवेचा दाब गावोगावी वेगळा असतो, आजचा उद्या नसतो. म्हणून उडताना ज्या गावातून उडायचं तिथला दाब त्या घड्याळात भरायचा. मग खालची टेकडी, झाडं, धावपट्टी किती खाली आहेत ते बरोबर कळतं. पण एकदा ठरावीक उंचीच्या वर गेलं, की तो गावचा आकडा सोडून द्यायचा आणि सगळ्या विमानांनी एकच आकडा लावायचा, एक हजार तेरा. बोलताना आपलं दहा-तेरा. उतरताना पुन्हा त्या उंचीखाली आलं, की ज्या गावी उतरायचं तिथला आकडा.

आईनं पायटा थांबवला. "आणि वरती खरोखरच दाब एक हजार तेरा असतो?"

"बहुतेक वेळा नसतो."

"म्हणजे वर सगळे मिळून खोटं माप घेतात?"

"हो. पण सगळे एकच खोटं माप घेतात ना. मग एकमेकांतलं अंतर बरोबर राहतं. कोणी कोणाला धडकत नाही."

आई हसायला लागली. गळ्यातली टेप काढून तिनं वहिनीच्या हातात दिली. "बघ, पहिला इंच झिजून तुटलाय. बारा वर्षं मी आणि ही दोघी एकपासून मोजतोय. आमच्या दोघींत काही बिघडत नाही. पण बाहेरच्या कोणी घरून माप लिहून आणलं, की मला स्वतःला बजावावं लागतं, बाई गं, हे पुऱ्या टेपेचं आहे. कळलं मला तुझं विमान."

तेव्हापासून आमच्या घरात त्या शब्दाचा ट्रांझिस्टरच झाला. वहिनी कामावरून आली की आई विचारायची, "ट्रांझिस्टर झाला का?" वहिनी म्हणायची, "चार वेळा वर, चार वेळा खाली." म्हणजे दिवसात चार फेऱ्या झाल्या असं समजायचं.

चार वर्षं छान गेली. वहिनी बहुतेक वेळा एका जुन्या कॅप्टनबरोबर उडायची. त्यांना सगळे सावकाशराव म्हणत, कारण कोणी घाईनं काही करायला गेलं की ते म्हणायचे, "सावकाश. आभाळ कुठं पळून जात नाही." निवृत्तीला त्यांचे अकरा आठवडे उरले होते, तेव्हाची ही गोष्ट.

आदल्या दिवसापासून वादळी हवा होती आणि दाब खूप उतरला होता. दुपारची वेळ, विमान आमच्याच गावी उतरत होतं, आणि खाली सगळा ढग. विमान सावकाशराव चालवत होते. जो चालवत नाही त्यानं लक्ष ठेवायचं, ती उंची ओलांडली की ट्रान्झिशन असा पुकारा करायचा, मग दोघांनी आपापल्या घड्याळात गावचा आकडा भरायचा. गावचा आकडा होता नऊशे अठ्ठ्याऐंशी. विमानतळाच्या टॉवरनं सांगितला, वहिनीनं लिहूनही घेतला. आता पुकारायचं, एवढ्यात मागून फोन वाजला. केबिनमधली मुलगी घाबरलेली होती. एक आजोबा खुर्चीतच कलंडले होते, डोळे मिटलेले, अंग घामानं भिजलेलं.

वहिनीनं अशी माणसं केबिनमध्ये सात वर्षं सांभाळली होती. ती पटापट विचारत गेली. श्वास कसा चाललाय? जेवलेत का? बरोबर कोण आहे? गोड काहीतरी ओठांना लाव, पाय वर घे, कोणी डॉक्टर आहे का विचार. सगळं मिळून मिनिटभर. मग टॉवरला कळवलं, रुग्णवाहिका लागेल. उतरण्याआधीची कामं एकेक करून तपासायची एक यादी असते. सावकाशरावांनी विचारलं, "यादी झाली ना?" अर्धी यादी फोनच्या आधी झाली होती. वहिनी म्हणाली, "झाली."

तिला खरंच वाटलं होतं, झाली.

विमानात आणखी एक यंत्र असतं, ते हवेशी संबंध न ठेवता थेट जमिनीपासूनचं अंतर मोजतं, आणि जमीन पंचवीसशे फुटांवर आली की आपण होऊन बोलतं. ते बोललं. वहिनीनं सवयीनं उंचीच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ बत्तीसशे दाखवत होतं. खाली सपाट तळं, समुद्राच्या पातळीला. बत्तीसशे आणि पंचवीसशे.

"कॅप्टन, उंची चुकलीय. आपण अजून दहा-तेरावर आहोत."

त्या दिवशी सावकाशरावांनी सावकाश काही केलं नाही. खात्री आहे का, हेही विचारलं नाही. इंजिनांना जोर दिला आणि विमान वर उचललं. घड्याळात खरा आकडा भरल्यावर दिसलं, ते समजत होते त्यापेक्षा सातशे फूट खाली होते. पुढच्या टप्प्यावर दोन हजारावर उतरायचं होतं, म्हणजे खरे तेराशे. आणि पुढं ढगात टेकडी होती, टेकडीवर उंच मनोरा.

एक फेरी मारून अकरा मिनिटांनी ते नीट उतरले. आजोबांची साखर उतरली होती, एवढंच निघालं. गोड पाणी पिऊन ते तरतरीत झाले, जिन्यावरून आपले आपण उतरले, आणि छत्री विसरून गेले. सदुसष्ट माणसं आपापल्या बॅगा ओढत घरी गेली. कोणाला काही कळलं नाही.

सावकाशराव गाडीच्या चाव्या हातात घेऊन वहिनीला एवढंच म्हणाले, "आता घरी जा. उद्या बघू."

वहिनी घरी आली ती थेट दुकानात, गणवेशासकट, आणि कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. आईनं नेहमीसारखं विचारलं, "झाला का ट्रांझिस्टर?"

"नाही झाला," वहिनी म्हणाली आणि खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर, चिंध्यांच्या ढिगाशेजारी.

तिनं सगळं सांगितलं. दादा दारात उभा होता. आईनं कात्री खाली ठेवली. माझं सांगते. ऐकताना अगदी एका क्षणापुरतं मला बरं वाटलं. हिचंही चुकतं, असं. मग तिच्या पायांकडे लक्ष गेलं. एका बुटाची नाडी सुटून लोंबत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"लोकं किती होती?" आईनं विचारलं.

"सदुसष्ट. आणि आम्ही चौघं."

आई म्हणाली, "हे कुठं लिहून द्यायचं असतं का?"

"असतं. आपण होऊन द्यायचं असतं. पण सरांचे अकरा आठवडे राहिलेत. छत्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक डाग नाही. ते म्हणाले उद्या बघू."

"उद्या काय वेगळं दिसणार आहे?" आई म्हणाली. "त्यांना फोन लाव."

"आई, मी त्यांना कसं सांगू?"

"सांगू नकोस. विचार."

वहिनीनं तिथंच बसून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. दुकान लहान, पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"सर, तुम्ही घरी पोचलात का?"

"नाही. गाडीतच बसलोय. अजून विमानतळाच्या आवारातच आहे."

"सर, मला आजच लिहायचंय. चूक माझी आहे. पुकारा माझा होता."

सावकाशराव म्हणाले, "डावीकडची खुर्ची माझी आहे, पोरी. आधी माझी सही, मग तुझी. मी इथंच थांबतो, तू ये. सावकाश ये."

दादानं तिला स्कूटरवरून नेलं. निघताना आईनं तिची नाडी बांधली. वाकून नाही, वाकणं तिला जमत नव्हतं. वहिनीचा पाय स्टुलावर ठेवून.

कंपनीनं दोघांनाही तीन आठवडे जमिनीवर ठेवलं. चौकशी झाली. आपण होऊन सांगितलं म्हणून शिक्षा नाही, पण पुन्हा शिकवणी आणि खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, परीक्षा. वहिनीला हे सगळं योग्यच वाटत होतं. पण तिच्यातलं काहीतरी खचलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मी परत केबिनमध्ये जाते. तिथं मला जमतं."

आई कॉलर उलटवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला पाठ नव्हतं का?"

"पाठ आहे हो. झोपेतसुद्धा पाठ आहे."

"मग पाठांतर कमी पडलं नाही. हाक मारली आणि हातातलं सुटलं. ते वेगळं." आईनं मशीन थांबवलं. "इकडे ये. बघ. मी शिवताना दारात कोणी आलं तर काय करते?"

वहिनीनं वाकून पाहिलं. सुई कापडात रुतलेली होती.

"सुई खाली ठेवूनच उठते. वर काढून उठले तर कापड सरकतं, आणि परत आल्यावर मला वाटतं शिवण तिथंच आहे. चाळीस वर्षांत मी किती बाह्या वाकड्या लावल्या असतील तेव्हा हे अंगात मुरलं. तुझ्या विमानात सुई कुठं रुतवायची ते तू शोध. हाका मारायचं काम आम्ही करतो."

अशा रीतीनं वहिनीच्या कामात विघ्न आणायला नणंदेची रीतसर नेमणूक झाली. जगात हे काम नणंदा फुकट आणि न सांगता करतात. मला ते आईनं नेमून दिलं.

भिंतीवरचा जुना कागद पिवळा पडला होता, वहिनीनं नवा काढला. आई पुन्हा कॅप्टन. विमान उतरायला लागलं की मी सुरू. "अहो वहिनी, निळा दोरा कुठं ठेवलाय?" "अहो वहिनी, फोन." "अहो वहिनी, दूध उतू गेलं." दादा बाहेर जाऊन मेन स्विचच बंद करायचा, न बोलता करता येतं म्हणून हे काम त्याला आवडलं. इस्पितळातली एक परिचारिका गणवेश बघायला आली, तर आईनं तिलाही कामाला लावलं. "हिला मध्येच काहीतरी विचार." ती बिचारी गोंधळली. "पण मला खरंच विचारायचंय. ही बाही घट्ट होतेय."

पहिल्या दिवसांत वहिनीचं दर तीन-चार वेळांत एकदा सुटायचं. ती उत्तर द्यायची आणि परत आल्यावर पुढच्याच ओळीला हात घालायची. मग तिनं स्वतःची एक युक्ती बसवली. ती उंची जवळ आली की हात झाकणावर ठेवायचा आणि आकडा भरून मोठ्यानं म्हणून होईपर्यंत हात उचलायचा नाही. कोणी काही म्हटलं तर एकच शब्द, "थांबा." आणि एकदा तुटली तर यादी मधून उचलायची नाही, पहिल्यापासून. हळूहळू मी दमले, तिचं सुटेना. तिचा तो शांतपणे म्हटलेला "थांबा" ऐकून मला थोडा रागही यायला लागला होता, खरं सांगते.

नवव्या दिवशी दुपारी आई वही माझ्याकडे देऊन मागे पाणी प्यायला गेली. मी कॅप्टन झाले, आकडे वाचत गेले, आणि उंची आली तशी मला काय सुचलं कोण जाणे, मी मागच्या खोलीकडे तोंड करून किंचाळले, "आई! वहिनी, आई पडली!"

वहिनीचा चेहरा एकदम पांढरा पडला. पण हात झाकणावरून उठला नाही. तिनं झाकण फिरवलं, "नऊशे अठ्ठ्याऐंशी, सेट," म्हणाली, आणि मग अशी धावली की स्टूल उलटं होऊन माझ्या पायावर पडलं.

आई मागे उभी होती, हातात पाण्याचा पेला. "काय झालं?"

वहिनीनं तिला खांद्यापासून हातापर्यंत चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे वळली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "वन्सं, असं परत करू नका. काहीही करा, हे करू नका." आणि तिथंच उभ्या उभ्या रडायला लागली. "आणि मी थांबले. आई पडल्या म्हणून ऐकलं आणि मी थांबले. आकडा भरत बसले. कसली बाई आहे मी?"

आईनं पेला ठेवला आणि तिला जवळ घेतलं. आई काही मिठ्या मारणारी नव्हती. मापं घेताना जेवढे हात लागायचे तेवढेच. त्यामुळं तिला ते नीट जमलं नाही, वहिनीची वेणीच हातात आली, तीच धरून ती म्हणाली, "अगं वेडे, तीन सेकंदांत मी मरत नव्हते. आणि त्या तीन सेकंदांत तू मागच्या सदुसष्ट जणांना धरून ठेवलंस. मग आलीस ना धावत? एवढंच तर पाहिजे होतं."

मी दारात तशीच उभी. माझा अंगठा सुजत होता. तोंडातून एवढंच निघालं, "अगं वहिनी, चुकलं माझं."

अगं कधी आलं ते मलाही कळलं नाही. वहिनीला कळलं. नाक पुसत म्हणाली, "पाय बघू तुझा." ती मला त्या दिवसापासून तू म्हणते. वन्सं मात्र सोडलं नाही. वन्सं, तू असं ऐकायला कोणालाही विचित्र वाटतं. आम्हाला वाटत नाही.

सिम्युलेटरच्या परीक्षेत परीक्षकानं काय काय केलं म्हणे. आग लावली, दार वाजवलं, एकदा तर मुद्दाम कागदांचा गठ्ठा खाली पाडला. वहिनी संध्याकाळी येऊन म्हणाली, "आई, तो परीक्षक तुमच्यापुढे काहीच नाही." पास झाली होती. सावकाशरावही पास झाले, आणि त्यांच्या शेवटच्या आठवड्यांत त्यांनी मागून घेऊन तिलाच शेजारी बसवलं. शेवटच्या दिवशी ते आमच्या दुकानात आले. पँट कमरेत सैल झाली होती, ती आत घ्यायला. आईनं माप घेतलं. दोघं हवेवर, गुडघ्यांवर आणि हल्लीच्या धाग्यांच्या दर्जावर बोलत बसले. त्या दुपारबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जाताना मात्र ते म्हणाले, "तुमच्या सुनेनं वेळेवर तोंड उघडलं, म्हणून मी आज इथं माप देतोय." आई म्हणाली, "शुक्रवारी या. तयार असेल."

सहा वर्षांनी वहिनी डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसली. तिच्या बाहीवर चौथी पट्टी आईनंच शिवली, पण एक पट्टी किंचित तिरकी लागली. आईच्या हातून असं कधी होत नसे. मी ती गुपचूप उसवून परत लावली, आणि मग हळूहळू लक्षात आलं, की आई दोरा ओवायला मला हाक मारते, रंग विचारते, कापड डोळ्यांजवळ नेते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ती बोटांच्या भरवशावर शिवत होती. किती दिवस, कोण जाणे.

शस्त्रक्रियेला मोठ्या शहरात जायचं ठरलं. आई तेव्हा पहिल्यांदा विमानात बसली. वहिनीनं रजा घेतली होती. आईच्या शेजारी, तिच्यासारखीच साधी प्रवासी. मी पलीकडच्या खुर्चीत. विमान वर चढत होतं. एका ठिकाणी वहिनीचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत थोडा थांबला आणि बोटं झाकण धरल्यासारखी किंचित वळली. आईला ते दिसलं नसणार. पण शेजारची बाही हलल्याचं तिला कळलं. तिनं चाचपडत तो हात धरला आणि खाली आपल्या मांडीवर ठेवला.

"आज पुढचे बघतील गं," ती म्हणाली. "तू बस."

वहिनीनं हात काढून घेतला नाही. उतरेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या, आणि आईला मध्ये डुलकी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. खिडकीचा पडदा थोडा ओढला होता. आई पापण्या मिचकावत आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे, मग वहिनीकडे बघत राहिली. वहिनी वाकून विचारत होती, "दिसतंय का, आई? मी दिसतेय का?"

आईनं हात पुढे करून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"अगं, तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"चार वर्षं झाली की."

"आणि मला कोणी सांगितलं नाही," आई माझ्याकडे वळून म्हणाली, जणू सगळा दोष माझाच होता. मग पुन्हा वहिनीकडे वळली आणि बराच वेळ तिला बघतच बसली.